आईच्या नावाला ओ देणारी

माझी आई वारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि भाऊ चार वर्षांचा. ती वारली याचा सरकारदरबारी कुठंही पुरावा नाही. आष्ट्याच्या पलीकडच्या आमच्या गावातून तिला तापात जीपमध्ये घालून सांगलीच्या दवाखान्यात नेत होते. वाटेतच सगळं संपलं आणि जीप तिथूनच मागं वळवली. त्यामुळं दवाखान्याचा कागद नाही. ग्रामपंचायतीत नोंद करायची ती घरातल्या पुरुषानं, आणि आमच्या घरातला पुरुष, म्हणजे आबा, पलटणीबरोबर तिकडं बर्फात होते. तार पोचून ते घरी आले तोवर तेराव्याची भांडीसुद्धा घासून झाली होती. नोंद राहिली ती राहिलीच.

मी त्या जीपमध्ये होते. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं पुढं माझा माझ्यावरच विश्वास राहिला नव्हता.

वर्षाच्या आत आबांचं दुसरं लग्न झालं. शिराळ्याकडची मुलगी, घरची फार गरिबी, लग्न देवळात, माणसं मोजून पंधरा. नवरीचं नाव बदलायची रीत आमच्यात आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीच्या टोकानं त्यात नवीन नाव लिहितो. मला नुकतं भराभर वाचता यायला लागलं होतं आणि ते चारचौघांत दाखवायची भारी हौस. मी पुढं वाकून तांदळातली अक्षरं मोठ्यानं वाचली. ते माझ्या आईचं नाव होतं.

 आजी तेवढी म्हणाली, “बरं झालं. समद्यांच्या तोंडात बसल्यालं हाय.” मग कुणीतरी साखर वाटली.

आबांनी असं का केलं ते मला खूप वर्षांनी कळलं. त्यांच्या पलटणीच्या कागदात बायको म्हणून आईचं नाव होतं. ते बदलायचं तर दाखले हवेत, साहेबाची सही हवी, रजा हवी. आबा बंदुकीला भीत नसत, पण अर्जाला फार भीत. नाव तेच ठेवलं की कागद हलवायला नको, एवढा सरळ हिशेब. पुढं रेशनकार्ड झालं, मतदानाचं कार्ड झालं, आधार झालं, आबांच्या पेन्शनच्या कागदावर दोघांचा जोडफोटो लागला. सगळीकडं नाव माझ्या आईचं आणि तोंड हिचं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आबांनी ओसरीवरून आईच्या नावानं हाक मारली. स्वयंपाकघरातून “ओ” आली. मी अंगणात भांडी विसळत होते. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. आई गेल्यापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं आणि आता ते पुन्हा दिवसातून दहा वेळा ऐकू यायला लागलं, आणि प्रत्येक वेळी आतून कोणीतरी ओ द्यायचं. भाऊ चार वर्षांचा. त्यानं आठवड्यात तिला आई म्हणायला सुरुवात केली. मी मावशी म्हणायचे.

तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा एक टाक होता. सुपारीएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं, नाहीतर पहिली त्रास देते म्हणतात. मावशी ते फार मनापासून करायची. जेवायला बसली की पहिल्या घासातलं तूप बोटानं टाकाला लावायची, मग आपण खायची. दिवाळीला लुगडं आलं की घडी आधी टाकासमोर धरायची. मी एकदा विचारलं, हे काय करतेस. म्हणाली, “आधी तुजी आय नेसती. तिला बरं दिसलं तर मग मी.” एका वर्षी तिनं जांभळं लुगडं तसंच घडी न मोडता परत पेटीत ठेवलं. आईला जांभळा रंग आवडत नसे. हे तिला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण लहान मुलानं मोठ्यांचं सगळं बोलणं ऐकलेलं असतंच असं नाही, म्हणून तेव्हा मी ते सोडून दिलं.

दुसरी गोष्ट मात्र सोडून देता आली नाही. आई गोठ्यात जाताना दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवायची. आत जनावर असेल तर सरावं म्हणून. दुसरं कोणी तसं करत नसे, बाकीचे पाय आपटायचे. मावशी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मी पडवीत अभ्यास करत होते आणि गोठ्याकडून ते ठोके आले. एक, दोन, आणि जरा थांबून तीन. मी धावत गेले. दारात मावशी धारेची चरवी घेऊन उभी होती. म्हणाली, “काय गं, असं काय बघतीस?” त्यानंतर बरेच दिवस मी गोठ्याकडं एकटी जात नव्हते.

तिनं आम्हाला वाईट वागवलं असं खोटं मी लिहिणार नाही. सावत्र आईची गोष्ट सांगितली की ऐकणारा आधीच मान हलवायला लागतो, म्हणून मुद्दाम सांगते. भाऊ दहा वर्षांचा होईपर्यंत तिच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचा. तिला स्वतःचं मूल झालं नाही. माझं लग्न सांगलीत झालं, मी तिथं शाळेत मास्तरीण झाले, आणि दर दिवाळीला ती मला माझ्या आईच्या हातच्या चवीची करंजी पाठवायची. ती चव पण तिला कुठून आली हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं.

आईचा एकच फोटो होता, लग्नातला. कृष्णेचं पाणी घरात शिरलं त्या पुरात तो भिजला. वाळवला तर आबांचा चेहरा शाबूत आणि आईच्या जागी तोंडाचा भाग धुऊन पांढरा झालेला. लुगडं तेवढं स्पष्ट. भाऊ म्हणाला, फेकून दे. मी सांगलीला घेऊन आले.

आबा गेले ते बाजरीची भाकरी खाऊन, हात धुऊन, दुपारी आडवे झाल्यावर. असं मरण भाग्याचंच. शेवटची दोन वर्षं मात्र त्यांचं भान सुटलं होतं. मावशीला जवळ बसवून ते आईबरोबरच्या गोष्टी बोलायचे, तिच्या माहेरच्या, माझ्या बारशाच्या, आणि मावशी त्यांना दुरुस्त करायची. “तवा पाऊस नव्हता, ऊन हुतं,” असं म्हणायची. मी ऐकत बसायचे. आईनं मला सांगितलं होतं त्यावरून बरोबर तीच असायची.

तेरावं झालं आणि घराचे वासे फिरले. तलाठ्यानं सातबारावर वारस म्हणून तीन नावं लावायला घेतली, पत्नी आणि दोन मुलं. भाऊ तिकडं खंडाळ्याला कंपनीत आहे, तिथून तो आला आणि त्यानं हरकत घेतली. ही ती पत्नी नव्हेच. आबांची पत्नी म्हणून जिचं नाव कागदावर आहे ती तीस वर्षांपूर्वी वारली. ही दुसरीच कोणी त्या नावावर बसली आहे.

शब्द न शब्द खरा होता. मी सांगलीतल्या एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, आई वारल्यानंतर लग्न झालंय म्हणजे ही बाईही कायद्यानं पत्नीच, तिचाही वाटा आहे, पण तिनं तिच्या खऱ्या नावानं यायला हवं. त्या नावाचा काही कागद आहे का? एकही नव्हता. आणि आईचा मृत्यू कागदावर आला तर आबांच्या मागं हिला मिळायची पेन्शन बंद होणार, वर इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावानं कागद केले म्हणून हिच्यावरच गुन्हा. घर, रेशन, औषध, सगळं एका सहीनं जाणार होतं. आईच्या मरणाची ती सही करू शकणारी माणसं संपली होती. आजी गेली, जीपवाला गेला. त्या जीपमधली उरले ती मी एकटी.

भाऊ माझ्याकडं सांगलीला आला. दोन तास बसला. वाईट माणूस नाही तो, बायकोचं आणि बँकेच्या हप्त्यांचं ऐकणारा माणूस आहे एवढंच. म्हणाला, मी तिला हाकलत नाही, गोठ्याशेजारच्या खोलीत राहील. मी म्हटलं, आणि जेवायला काय गोठ्यातली वैरण घालणार? तो चिडला नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “आक्का, मला आईचं तोंड आठवत न्हाई. तुला आठवतंय. निदान तिला मरू तरी दे एकदा.”

 मला त्याचा राग आला, आणि त्याचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

सुनावणीच्या आधी रविवारी मी गावी गेले. म्हटलं माझ्याशिवाय आणखी कोणाला आठवत असेल तर बघावं, म्हणजे सगळा भार माझ्या एकटीवर नको. शेजारच्या काकूंनी माझ्या आईला शेवटची अंघोळ घातली होती. त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, पण डोकं शाबूत. कुणाच्या म्हशीनं कधी रेडकू दिलं ते अजून सांगतात. मी विचारलं तर त्यांनी मलाच उलट विचारलं.

“तुजी आय कुठं मेली गं? ही काय घरात बसलीया. ती दुसरी आणली हुती शिराळ्याची, ती गेली तापानं. मीच आंगूळ घातली तिला.”

मी म्हटलं, “आवं काकू, मी हुते की जीपमधी.”

“व्हतीस की. सावतर आय असून लय रडलीस. समदा गाव म्हनला, पोर गुणाची.”

 मी तिथून निघाले आणि देवळापाशी बसणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. दोन बायका होत्या हे गावाला पक्कं आठवत होतं, एक तापानं गेली हेही आठवत होतं. फक्त कोण गेली आणि कोण राहिली हे तीस वर्षांत कुठंतरी फिरलं होतं. ज्या नावाला रोज ओ येते ती बाई मेली असं कोण धरून बसणार? मी घरी येऊन ओसरीवर बसले आणि जीप आठवायला लागले. सीटचं फाटकं रेक्झिन, रॉकेलचा वास, मांडीवरचं डोकं. मग मी त्या डोक्याकडं खाली पाहिलं, मनातच, आणि तोंड मावशीचं होतं.

मी घाबरले, साफ घाबरले. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, पण प्रत्येक वेळी तेच तोंड वर आलं. आतून मावशी विचारत होती, चहा टाकू का.

सुनावणी मंडल अधिकाऱ्याच्या कार्यालयात होती. सरकारी काम, अकराचं बोलावून दोन वाजता नंबर आला. अधिकारी तरुण मुलगा, नम्र, पंखा बंद पडला म्हणून सारखा रुमालानं मान पुसत होता. भाऊ एका बाकावर, मावशी दुसऱ्या बाकावर, मी मधे उभी. त्यानं आधी मावशीला नाव विचारलं. तिनं माझ्या आईचं नाव सांगितलं, अडखळली नाही. मुलं किती? दोन. थोरली लेक आणि धाकटा ल्योक. त्यानं हरकतीचा अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, ही मुलं तुम्हाला झालेली आहेत हे कशावरून?

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर गप बसेल. ती भिंतीकडं बघत संथपणे बोलायला लागली.

“थोरली झाली तवा रडलीच न्हाई. निळी पडली हुती. सासू म्हनली, मेल्यालंच हाय, आन् सुपात घालून चुलीम्होरं सारून ठिवली. समदी माज्याकडं बगाय लागल्याली. मी सरकत सरकत गेले, कांदा फोडला आन् तिच्या नाकाला लावला. तवा शिंकली. सासूनं शपथ घातली हुती, कुनाला सांगू नगंस म्हनून. आज सांगितलं.”

हे खरं होतं. आईनं मला ते एकदाच सांगितलं होतं, जायच्या आदल्या उन्हाळ्यात, विहिरीवर धुणं धुताना. आजीला वाईट वाटेल, कुणाला बोलू नकोस म्हणाली होती. आबा तेव्हा पलटणीत होते, त्यांना माहीत नव्हतं. आजीनं मरेपर्यंत तोंडातून काढलं नव्हतं. मी माझ्या नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते.

अधिकाऱ्यानं माझ्याकडं पाहून विचारलं, “या तुमच्या आई का?”

भाऊ माझ्याकडं बघत होता. त्यानं माझ्यासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं होतं, खाली माझ्या नावाला जागा सोडून. मला त्या क्षणी मावशीची दया आली असं लिहिलं तर चांगलं दिसेल. दया नंतर आली. त्या क्षणी मला एवढंच वाटलं की आपण नाही म्हटलं आणि ती इथंच आईच्या आवाजात पुढचं काही बोलायला लागली तर.

“व्हय,” मी म्हटलं. शाळेत इतकी वर्षं शुद्ध बोलणारी मी, तिथं मात्र गावचंच निघालं.

त्यानं लिहून घेतलं आणि मी सही केली. तीन नावं कायम झाली. भावानं आरडाओरड केली नाही. बाहेर येऊन गाडीची किल्ली हातात फिरवत उभा राहिला, मग म्हणाला, “म्हणजे आपली आय कवा मेलीच न्हाई का आक्का?” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले तर तो बाजूला झाला. त्याची गाडी गेली. आजतागायत तो माझा फोन उचलत नाही, आणि त्याला दोष द्यायला माझ्याकडं तोंड नाही. आईला मी माझ्या सहीनं नाहीशी केली. जिवंत ठेवून नाहीशी केली, हे आणखी वाईट.

आम्ही दोघी फाट्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभ्या राहिलो. उसाच्या ट्रॉल्या धुरळा उडवत जात होत्या. मी विचारलं, कांद्याचं तुला कोणी सांगितलं?

“कुनी सांगितलं न्हाई. मला आठवतंय,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरची धूळ पदरानं झटकली.

मी विषय बदलला. म्हटलं, हे असं किती दिवस चालेल, भाऊ वर अपील करेल. तुझ्या माहेरी जाऊ, तुझ्या मूळच्या नावाचा शाळेचा नाहीतर कसला तरी दाखला काढू, म्हणजे तुला तुझ्या नावानं उभं राहता येईल. त्यावर ती हसली. माहेरी काही मिळणार नाही म्हणाली. तिचे वडील गेल्यावर तिच्या भावानं शेतावर वारस लावले तेव्हा बहीण लग्नाआधीच वारली असं लिहून दिलं. बहिणीचा वाटा नको म्हणून. आणि खोटं कशाला, त्या नावाची बाई जगात कुठंच नव्हती. गावात लोक विचारतील म्हणून मग तो दर वर्षी पित्रांना तिच्या नावानं पानही वाढायला लागला.

“तुला कसं कळलं?”

“गेले हुते की एकदा. न कळवता. वसरीवर मांडल्यालं हुतं पान, माज्या नावाचं. भावजय म्हनली, आता आलाच हाय तर बसा.”

“मग?”

“बसले. जेवले. भूक लागली हुती.”

मी तिला तिचं माहेरचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत मी ते विचारलं नव्हतं याची मला लाज वाटली. तिनं आधी ओठ हलवून दोन नावं म्हणून बघितली, एक बहिणीचं निघालं. मग एकदम मान हलवून तिनं ते सांगितलं. छोटं, गोड नाव होतं. माझ्या वर्गात त्या नावाच्या दोन मुली आहेत.

तेवढ्यात वडाप आलं. आत दाटी होती, मी पुढं घुसून दोघींची जागा धरली. ती पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती, ट्रॉल्यांकडं बघत. मी आतून तिला त्या नावानं हाक मारली. तिला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, मोठ्यानं.

तिनं मागं वळून रस्त्यावर लांबपर्यंत पाहिलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, “जरा थांब रं बाबा. आजून कुनीतरी यायचं हाय.”